आमच्या ह्यांनी मटण सोडलं

शहापुरात आमची मंडळी म्हणजे दवाखान्याच्या मागची नऊ घरं. चर्च म्हणजे एक कौलारू खोली आणि घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. माणसं मोजून चाळीस-पंचेचाळीस, पण किस्से विचाराल तर चारशे! लहान वस्तीत असंच होतं. पहिल्या घरात फोडणी करपली की नवव्या घरात ठसका लागतो, आणि दिवे लागेपर्यंत त्याचा किस्सा तयार असतो.

आता नातवंडं नाताळला येतात. करंज्या भरायला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "आजी, आजोबांच्या मटणाचं सांग." मग मी सांगते. दर वर्षी तेच सांगते, आणि दर वर्षी थोडं वेगळं होतं, असं धाकटी म्हणते. होऊ दे. तुम्हीही बसा, आणि बसलाच आहात तर ते सारण इकडं सरकवा.

*

आमचे हे, दानियेलराव, दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर मॅडम महिन्यातले पंधरा दिवस गावोगाव फिरायच्या. ते पंधरा दिवस तालुक्याचा डॉक्टर आपणच, असा ह्यांचा प्रामाणिक समज! शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. आणि जीव सगळा मटणात. शास्त्रातला दानियेल राजाच्या ताटातलं मांस नको म्हणून भाजीपाल्यावर राहिला. आमचा दानियेल भाजीपाला पुढ्यात आला की राजाची वाट बघायचा.

ह्यांचा आवडता विषय एकच, ख्रिस्ती माणसाची मोकळीक. प्रभूनं आपल्याला मोकळं केलं, आता हे खाऊ नको, ते शिवू नको, हे सगळं संपलं. त्यामुळे शेजारून मोदक आले, हे खायचे. सत्यनारायणाचा शिरा आला, हे खायचे. अन्न देवानं केलंय, मधे कोणापुढं ठेवलं होतं ते मला काय करायचंय, म्हणायचे.

आमच्या समोर अन्नाबाई राहायच्या. विधवा, करारी, घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं काम करायच्या. त्यांचं अगदी उलटं. मूर्तीपुढं ठेवलेली चिमूटभर साखरही त्यांना चालायची नाही. एका संक्रांतीला कचेरीतल्या कारकुनाच्या बायकोनं दोन्ही घरी देवापुढचा तिळगूळ पाठवला. नाही म्हटलं तर त्या बाईला वाईट वाटेल, म्हणून अन्नाबाईंनी हसून घेतला आणि मागच्या दारी मुंग्यांच्या वारुळावर नेऊन ठेवला.

ह्यांनी ते पाहिलं. आपला तिळगूळ चावत कुंपणापाशी गेले आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणाले, "अन्नाबाई, मुंग्या आपल्या मंडळीतल्या नाहीत ना? खात्री करून घेतलीत?"

ईस्टरपर्यंत अन्नाबाई आमच्याशी बोलल्या नाहीत.

*

बुधाजी आमच्यात आला तो पायाच्या जखमेमुळे. धसईच्या बाजाराला दवाखान्याचं टेबल लागायचं. त्या टेबलापाशी एक दिवस हा उंच, काळासावळा माणूस काठी टेकत आला. धसईच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा तो भगत. नवस बोलायचा तर याच्यापुढं, फेडायचा तर याच्या हातून. सगळ्या वाडीला औषध देणारा, आणि स्वतःची जखम मात्र वर्षभर बरी होईना. ह्यांनी तीन महिने, दर बाजाराला, खाली बसून त्याचा पाय धुतला. तिसऱ्या महिन्यात तो म्हणाला, "माझ्या पायाला आजवर कुनी हात लावला नाय. तुमी कुनाचे?" तिथून सुरुवात झाली.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीत नवसाचा बोकड कापायच्या आधी देवापुढं उभा करायचे. भगत त्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचा, आणि सगळे श्वास रोखून बघत राहायचे. बोकड अंगभर थरथरला की देवानं घेतला. मगच सुरी. वीस वर्षं बुधाजीनं हे पाणी शिंपडलं होतं. थरथरणं म्हणजे देवाचा हात, हे त्याच्या हाडात भिनलेलं.

त्याचा बाप्तिस्मा झाला ऐन पौषात. आमचे पाळकबाबा म्हातारे, दम्याचे, पण हट्टानं नदीत उतरले. बुधाजीला पाण्यात बुडवून वर काढला आणि काठावर आणला, तर हा पानासारखा कापतोय! आम्ही गाणं सुरू करणार, एवढ्यात त्याचा चेहरा बघून सगळे गप्प झालो. बाबांचा हात धरून तो म्हणाला, "बाबा, मी थरथरलो. मला कुनी घेतला?"

बाबांनी स्वतःची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. म्हणाले, "थंडी वाजली तुला. उन्हात बस."

बुधाजी उन्हात बसला. पण त्यानंतर कित्येक महिने तो आमच्या ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारायचा, "कंपाउंडर, ती थंडीच व्हती ना?"

*

बुधाजी आणि त्याची बायको चांगुणा दवाखान्याच्या आवारातल्या खोलीत राहायला आले. चांगुणानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. नवरा काय करतोय ते आधी बघते, मग ठरवते, असं तिनं बाबांना तोंडावर सांगितलं होतं.

त्या वर्षी शाळामास्तरांच्या मुलीचं लग्न निघालं. स्वयंपाक माझ्याकडं. मी बुधाजीला वीस नारळ दिले आणि फोडून ठेव म्हणून सांगितलं. तासाभरानं बघते तर हा सुताराची करवत घेऊन बसलाय, आणि नारळ कापतोय! घामाघूम. तासाभरात दोन नारळ झालेले आणि त्यातही निम्मा भुसा.

मी विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, दगडावर नारळ फुटला की तो देवाला गेला, वीस वर्षं माझ्या हातानं हेच झालंय, आता हात उचलला की तोंडातून जुनं नाव येतं. आमचे हे पोट धरून हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात पाळकबाबा आले. त्यांनी विचारपूस केली, कोट काढून खुंटीला लावला, आणि करवतीचं दुसरं टोक धरून बुधाजीसमोर बसले. दोघांनी मिळून वीसच्या वीस नारळ कापले.

बाबा गेल्यावर हे मला म्हणाले, "एका माणसाच्या मनासाठी सगळ्या मंडळीनं किती दिवस करवत चालवायची?"

लग्नाच्या रश्शात काथ्या निघाला. वऱ्हाडानं तो निमूटपणे ताटाच्या कडेला लावून ठेवला.

*

आता जे सांगते ते हसण्यासारखं नाही. पण ते गाळलं तर पुढचं सगळं फुकट.

म्हसा गावच्या जत्रेत दवाखाना दर वर्षी तंबू ठोकायचा. गुरांच्या बाजारात कोणाच्या पायावर बैल पाय देतो, कोणाला शिंग लागतं, आयोडीन आणि पट्ट्यांना दिवसभर उसंत नसते. त्या वर्षी तंबूत आमचे हे, मी आणि मदतीला बुधाजी-चांगुणा. एका बैलवाल्याच्या फाटलेल्या पंजाला ह्यांनी टाके घातले. त्यानं नवसाचा बोकड कापला होता. दुपारी पळसाच्या पानावर आमचा वाटा आला, शिजवलेला, वाफाळता, सोबत तांदळाच्या भाकऱ्या.

बुधाजी मागं सरकला. वाडीचा नियम त्याला ठाऊक होता. देवाचा वाटा जो खातो, तो देवाचा.

ह्यांना जोर चढला. मी पट्ट्या गुंडाळत होते, मी म्हटलंही, राहू द्या हो. पण मोकळीक शिकवायची याहून चांगली वेळ कोणती? ह्यांनी बुधाजीला समोर बसवलं आणि म्हणाले, "मूर्ती म्हणजे काही नाही. मटण म्हणजे मटण. तू मोकळा झालास की नाही? मग खा."

"तुमी खाता?" बुधाजीनं विचारलं.

ह्यांनी एक मोठी फोड उचलली आणि खाल्ली. मीही दोन खाल्ल्या. बुधाजीनं आमच्याकडं बघत बघत तीन खाल्ल्या. मग हात धुतले, दिवसभर पाणी आणलं, पट्ट्या उकळल्या. आम्हाला वाटलं, धडा शिकला.

सकाळी उठलो तर दोघं नव्हते. त्यांची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली होती, आणि चटईवर बाबांची ती घोंगडी, नीट घडी घातलेली.

*

पंधरा दिवसांनी धसईच्या टेबलापाशी एका रोग्यानं बातमी आणली. बुधाजी भगत परत देवाच्या ठाण्यावर बसला. लोक बोकड घेऊन जातात. पण पूर्वीसारखा नाही, तो म्हणाला. पाणी शिंपडतो आणि तोंड फिरवतो. म्हणतो, बाबानं पाण्यात सोडवला, वाट्यानं परत बांधला, आता मला सुटका नाय.

ह्यांनी ती बातमी बाबांना सांगितली, आणि लगेच स्वतःची बाजूही मांडली. मूर्ती म्हणजे काही नाही हे शास्त्रातच आहे, मी खोटं काय शिकवलं, वगैरे वगैरे. तीन-चार आधार दिले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. दम्यामुळे त्यांना बोलायला वेळ लागायचा.

"तुझा मुद्दा बरोबर होता, दानियेल," ते म्हणाले. "मुद्दा राहिला. माणूस गेला."

हे तसेच उठले. घरी येऊन पडवीत बसले. मी शेजारी जाऊन बसले. दोन फोडी मीही खाल्ल्या होत्या ना! त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो, आणि ते सांगायला मला अजून लाज वाटत नाही.

*

पुढच्या बाजाराला टेबल आवरून हे एकटेच वाडीवर चढले. काय झालं ते मला नंतर चांगुणानंच सांगितलं, त्यामुळे त्यात ह्यांनी घातलेलं तिखटमीठ नाही.

बुधाजी घरातून बाहेर येईना. दारात चांगुणा उखळात भात सडत होती. तर हे उंबऱ्याबाहेर उभे राहून आतल्या अंधाराशी बोलले. म्हणाले, "बुधाजी, मटणात देव नव्हता हे मला माहीत होतं. तुझं मन अजून तिथवर आलं नाही, हेही मला माहीत होतं. तरी मी खाल्लं आणि तुला खायला लावलं. हे पाप माझं." आणि मग म्हणाले की तू मनानं मोकळा होऊन स्वतः मला ताट वाढशील, तोपर्यंत मी मटणाला शिवणार नाही.

 चांगुणाचं मुसळ थांबलं.

"तुमी?" ती म्हणाली. "मटन?"

आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की ह्यांना राग आला. तरातरा डोंगर उतरून आले. मला म्हणाले, आजपासून या घरात मटण बंद. मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, बघू या, आठ दिवसांचा पाहुणा आहे हा नेम.

*

चांगुणालाही तेच वाटलं होतं. पण मी नुसतं मनात म्हटलं, ती तपासायला आली!

एका रविवारी मी चुलीपाशी, तर मागच्या दारानं चांगुणा आत. अंधारात निघून धसईहून शहापूरपर्यंत चालत आलेली. राम राम नाही, पाणी नाही. सरळ चुलीवरचं झाकण उचललं. वालाचं बिरडं. शिंक्यावरचं भांडं काढलं. ताक. फडताळ उघडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आज कळलं आसंल मी येनार त्ये." मी म्हटलं, मला कसं कळणार? तिनं ऐकलं, पाणी प्यायली आणि निघून गेली.

दोन आठवड्यांनी परत. या वेळी मंगळवारी. कुळथाचं पिठलं. तिसऱ्यांदा आली ती ह्यांच्या वाढदिवसाला. तो तिनं कोणाकडून काढला देव जाणे. त्या दिवशी समोर अन्नाबाईंकडं पाहुणे होते आणि मटणाचा वास सगळ्या आळीत. चांगुणा दारात उभी राहिली. आमचे हे ताटावर बसलेले, पुढ्यात घेवडा, आणि डोळे मिटून नाक वर करून त्या वासाबरोबर भाकरी खाताहेत!

चांगुणा तशीच मागं फिरली. त्या दिवशी तिनं झाकणंही उचलली नाहीत.

पुढच्या रविवारी उपासनेत दुसरं गीत चाललं होतं. दार वाजलं. चांगुणा पुढं, तिच्या मागं बुधाजी, हातात काठी. दोघं येऊन आपल्या जागी चटईवर बसले. गीत तिथंच तुटलं. बाबांनी नंतर विचारलं, काय रे, मन कसं वळलं? बुधाजीनं बायकोकडं बोट दाखवलं. तिनं त्याला म्हटलं होतं, "देव बांधतो का सोडतो ते मला नाय कळत. पन त्यो मानूस तुझ्यापायी घेवडा खातोय. मला नाय बघवत. ऊठ."

गीत तुटलं ते तुटलंच. कारण बाहेर घंटा वाजायला लागली. उपासना चालू असताना घंटा वाजवायची नाही, हा आमच्या मंडळीचा पक्का नियम. आम्ही सगळे धावत बाहेर आलो. आंब्याखाली अन्नाबाई उभ्या, पदर खोचलेला, आणि लोखंडी कांबीनं रुळाचा तुकडा बडवताहेत. डोळ्यांतून पाणी गळतंय, हात थांबत नाही. बाजारपेठेतले लोक कुठं आग लागली म्हणून बादल्या घेऊन आले!

त्या आषाढात चांगुणाचा बाप्तिस्मा झाला. पाणी गढूळ होतं पण कोमट होतं. बाबांनी मुद्दामच ती वेळ निवडली, असं मला वाटतं.

*

अन्नाबाईंचं मन भरून आलं की त्या नियम करतात. महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मांडला की बुधाजीसाठी इथून पुढं सगळ्या मंडळीनंच मटण सोडावं. घरात नाही, लग्नात नाही, नाताळला नाही. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. विरोध करायचा तर बुधाजीसमोर कसा करणार? आणि गप्प बसायचं तर नाताळ गेला!

उठले कोण, तर आमचे हे. मला वाटलं, आता हे पाठिंबा देणार, एकट्यानं घेवडा खाण्यापेक्षा सगळ्यांनी खाल्लेला बरा.

"मी माझ्या मोकळेपणानं सोडलंय," हे म्हणाले. "तुम्ही नियम केलात, तर उद्यापासून मी ते भीतीनं पाळीन. माझं देणं माझ्याकडून काढून घेऊ नका."

पाळकबाबांनी ठराव मतालाच टाकला नाही. मास्तरांनी सुटकेचा श्वास इतका मोठा सोडला की तो मीटिंगच्या वहीत लिहायला हवा होता.

*

नेम ह्यांचा, उपास माझा! नऊ घरांत प्रत्येकाची मजा व्हायची. लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेना, तांदूळ मिळेना, लोक म्हणायचे काय दिवस आले. आमचे हे म्हणायचे, आता कुठं सगळे माझ्या पंक्तीला आले. सुकट आणि बोंबील ह्यांनी चालवून घेतले होते, कारण देवाला कोणी बोंबलाचा नवस बोलत नाही, असा त्यांचा शोध.

मी मात्र एकदा घसरले. इगतपुरीला बहिणीकडं गेले होते. तिनं वाढलं, मी नाही म्हटलं, तिनं परत वाढलं, मी परत नाही म्हटलं नाही. परतल्यावर हात तीनदा राखेनं घासले. तोंडात लवंग धरली. ह्यांनी दार उघडलं, पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली. मग पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत विचारलं, "खोबरं भाजून घातलं होतं का कच्चं?"

मी म्हटलं, भाजून. हे म्हणाले, तेच बरं लागतं. आणि जाऊन घेवडा निवडायला बसले. त्यानंतर बहिणीनं कितीही वाढलं तरी मी शिवले नाही.

*

बुधाजी पुढं वाडीवर परत गेला. या वेळी आम्हीच त्याला निरोप दिला, बाबांनी घोंगडी परत त्याच्या खांद्यावर टाकली. तिथं तो शेती करायचा आणि रविवारी अंगणात चार माणसं जमवून प्रार्थना घ्यायचा. पहिल्या वर्षी चार माणसं म्हणजे तो, चांगुणा आणि दोन शेजारी, तेही तंबाखूसाठी यायचे. हळूहळू तीन घरं झाली. पण लग्नाकार्याला शहापुरात आला की मटणाचं पातेलं दिसताच तो लांब जाऊन बसायचा, आणि आमचे हे त्याच्याजवळ जाऊन बसायचे. अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी भातं चांगली आली. कापणी झाली की आमच्याकडं पिकाची उपकारस्तुती असते. जो तो आपल्या पिकातलं घेऊन येतो, आणि मग सगळ्यांचं एकत्र जेवण. त्या सकाळी नदीच्या बाजूनं गाण्याचा आवाज आला. बघतो तर वाडीची तीन घरं, बायकामाणसं सगळी, डोक्यावर भाताच्या टोपल्या घेऊन चालत येताहेत. पुढं बुधाजी, खांद्यावर घोंगडी आणि हातात दोरी. दोरीला काळा बोकड.

त्यानं बोकड चर्चच्या अंगणात आंब्याला बांधला. म्हणाला, माझ्या घरचा आहे, मी वाढवलाय, कुनाच्या नावाचा नाय. आज सगळ्यांनी खायचा. आमचे हे चष्मा काढून पुसायला लागले.

आणि तेवढ्यात ते झालं. येताना बोकड नदीत घसरला होता, नखशिखांत भिजलेला. उत्तरेचा वारा सुटला होता. सगळी माणसं भोवती उभी असताना बोकड शिंगांपासून शेपटीपर्यंत थरथरला.

वाडीची माणसं जागच्या जागी थिजली. एका म्हातारीचे हात आपोआप जोडले गेले. चांगुणानं नवऱ्याकडं पाहिलं. अन्नाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आमचे हे एक पाऊल पुढं गेले आणि थांबले. पाळकबाबा खुर्चीत बसले होते, त्यांना आता चालवत नसे. त्यांनी बुधाजीकडं बघितलं. 

बुधाजी बोकडाजवळ गेला. मग त्यानं खांद्यावरची घोंगडी काढली आणि त्याच्या ओल्या पाठीवर टाकली.

"थंडी वाजली त्येला," तो म्हणाला. "जरा उन्हात बांधा."

मग माझ्या चुलीपाशी आला. टोपलीतला नारळ उचलला, पायरीच्या दगडावर एका घावात फोडला आणि दोन्ही वाट्या माझ्या हातात ठेवल्या.

"काकू, मसाला वाटायला घ्या. कंपाउंडरचं ताट मी वाढनार."